पाण्यात सुटं कोण?

गेल्या गणपतीत भाचा आठवडाभर आमच्याकडे धायरीला राहायला होता. अकरावी सायन्स. दप्तरात केमिस्ट्रीची वही आणि तिच्यात घडी घालून लपवलेला क्लासच्या चाचणीचा पेपर, २५ पैकी ९. त्याच्या आईनं फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं, "ताई, तू तेवढं बघ गं, माझं तो ऐकत नाही." माझंही ऐकत नाही, पण माझ्या हातचे मोदक आवडतात, त्यामुळे निदान समोर बसतो.

पेपर उघडला. पहिलाच प्रश्न, समीकरण पूर्ण करा. गड्यानं लिहिलं होतं:

पोटॅशिअम नायट्रेट + सोडिअम क्लोराइड → पोटॅशिअम क्लोराइड ↓ + सोडिअम नायट्रेट

"हा खाली बाण कशाचा रे?"

"प्रेसिपिटेटचा, म्हणजे तळाशी बसणाऱ्या साक्याचा. जोड्या बदलायच्या आणि उजवीकडं एकाला बाण द्यायचा, मावशी."

"कोणत्या एकाला?"

जरा थांबला. "पहिल्याला."

हसू आलं आणि रागही आला, पण तो त्याच्यावर नव्हता. जोड्या बदला हे कुणीतरी त्याच्याकडून घोटून घेतलं होतं. बदललेल्या जोडीचं पाण्यात पुढं काय होतं, ते सांगायचं राहून गेलं होतं. पोटॅशिअम क्लोराइड लिटरभर पाण्यात तीनशे ग्रॅमच्या वर विरघळतं. ते खाली बसायची वाट बघायची तर पुढचा गणपती येईल. कागदाला काय, कागद काहीही सोसतो.

मी काही शिक्षिका नाही. बावीस वर्षं भोसरीत एका प्लेटिंगच्या (धातूवर धातूचा मुलामा चढवायच्या) कारखान्यात सांडपाण्याची लॅब सांभाळली. लॅब म्हणजे दहा बाय बाराची खोली, एक पीएच मीटर (पाणी किती आम्ल, किती अल्कली ते मोजायचं यंत्र), चार बीकर आणि खिडकीतून सतत येणारा ॲसिडचा वास. कारखान्यातून येणाऱ्या पाण्यातला जस्त, निकेल, क्रोम असला सगळा ऐवज खाली बसवायचा, वरचं पाणी निवळलं की तपासायचं, मगच बाहेर सोडायचं. थोडक्यात, ज्या बाणावर भाच्याचे गुण गेले त्या बाणावर मी घर चालवलं.

एक आधीच सांगते. या पोस्टमध्ये समीकरणं मी नावांनी लिहिणार आहे. मोबाइलवर टाइप करताना संज्ञांचे खालचे आकडे काही केल्या खाली बसत नाहीत (बघा, इथंही बसण्याचाच प्रश्न). आणि माझे निम्मे वाचक माझ्याच भिशीतले आहेत, त्यांना संज्ञा दिसल्या की त्या थेट खालच्या रेसिपीवर जातात. आज रेसिपी नाही.

तर भाच्याला म्हटलं, बाण नंतर. आधी सांग, पाण्यात सुटं कोण कोण आहे?

त्याला कळेना. म्हटलं, मीठ पाण्यात टाकलंस, विरघळलं. आता त्या पाण्यात मीठ आहे का? म्हणे, आहे, खारट लागतं की. लागतं खरं, पण सोडिअम आणि क्लोराइडची जोडी तिथं राहिलेली नसते. सोडिअमचा आयन (धन किंवा ऋण प्रभार असलेला कण) वेगळा, क्लोराइडचा वेगळा, दोघांभोवती पाण्याच्या रेणूंचा गराडा. तसंच पोटॅशिअम नायट्रेटचं. दोन्ही पाणी एकत्र केलं की भांड्यात चार जण सुटे: सोडिअम, क्लोराइड, पोटॅशिअम, नायट्रेट. ओतायच्या आधी कोण सुटं होतं? हेच चौघं. नंतर? हेच. मग बाणाच्या उजवीकडं नवीन काय लिहिणार?

"काहीच नाही?"

"काहीच नाही. अभिक्रिया होत नाही, असं लिहायचं. हेही उत्तर असतं आणि त्याला पूर्ण गुण असतात."

पूर्ण गुण म्हटल्यावर पोरगं सरळ बसलं.

विरघळणारं कोण आणि न विरघळणारं कोण याचा तक्ता त्याच्या वहीत होता, तीन रंगांच्या पेनांनी लिहिलेला आणि अजिबात न वाचलेला. मला तो तक्ता कधीच पाठ झाला नाही. कामावर मी तो माणसं लक्षात ठेवतात तसा लक्षात ठेवला. सोडिअम, पोटॅशिअम आणि अमोनिअम ही मोकळ्या स्वभावाची मंडळी, कुणाही बरोबर आली तरी पाण्यात सुटी होतात. ऋण बाजूला तसाच नायट्रेट. क्लोराइडचं साधारण सगळ्यांशी पटतं, पण चांदी आणि शिसं दिसलं की अडतं. सल्फेटचंही तेच, त्याचं घोडं बेरिअम आणि शिशापाशी अडतं, आणि कॅल्शिअमपाशी अर्धवट अडतं. हे अर्धवट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. उरले कार्बोनेट, फॉस्फेट, हायड्रॉक्साइड. हे तिघं चिकट. त्या मोकळ्या तिघांपैकी कुणी भेटलं तर ठीक, नाहीतर बहुतेक धातूंना धरून तळाशी जाऊन बसतात. हायड्रॉक्साइडात बेरिअमचा अपवाद आहे, आणि चुना थोडासा विरघळतो. विरघळतो म्हणून तर चुन्याची निवळी मिळते.

न विरघळणारं म्हणजे अजिबात न विरघळणारं असं समजू नका. सिल्व्हर क्लोराइडसुद्धा लिटरभर पाण्यात दोनेक मिलिग्रॅम विरघळतं. बेरिअम सल्फेटही त्याच मापातलं. माझ्या सासूबाईंना एकदा पोटाच्या एक्स-रेसाठी तो पांढरा घोळ प्यायला दिला होता. बेरिअमचा सुटा आयन विषारी असतो हे मला माहीत होतं, म्हणून जीव खालीवर. पण सल्फेटनं त्याला असा धरून ठेवलेला असतो की पोटात सुटं होण्याजोगं काही उरतच नाही. आला तसा निघून जातो. सासूबाईंची तक्रार चवीबद्दल होती.

याच बेरिअमवर पेपरातला दुसरा प्रश्न. बेरिअम क्लोराइड आणि सोडिअम सल्फेट. इथं बाण नशिबानं बरोबर जागी पडला होता, पण सोडिअम क्लोराइडच्या संज्ञेत क्लोरीनच्या पायाशी २ चिकटवला होता. का? तर डावीकडं क्लोरीन दोन होते म्हणून. मी त्याला ओट्यापाशी नेलं. "आमटीला मीठ दुप्पट लागलं तर तू काय करतोस?" "दोन चमचे टाकतो." "की मिठाची जात बदलतोस?" पायाशी २ लिहिणं म्हणजे जात बदलणं. एका सोडिअमला दोन क्लोरीन असलेलं मीठ कुठल्याच दुकानात मिळत नाही. आकडा पुढं लिहायचा, चमच्यासारखा:

बेरिअम क्लोराइड + सोडिअम सल्फेट → बेरिअम सल्फेट ↓ + २ सोडिअम क्लोराइड

आता यात पाण्यात सुटं कोण, ते बघून सगळ्यांना वेगवेगळं लिहायचं. तळाशी बसलं त्याला मात्र फोडायचं नाही, ते अखंड लिहायचं. मुलांची अर्धी चूक इथं होते, फोडायला लागले की सगळंच फोडतात.

बेरिअम (२+) + २ क्लोराइड (१−) + २ सोडिअम (१+) + सल्फेट (२−) → बेरिअम सल्फेट ↓ + २ सोडिअम (१+) + २ क्लोराइड (१−)

सोडिअम आणि क्लोराइड जसे आले तसेच परत गेले. स्टेशनवर पोचवायला आलेल्या मंडळींसारखे. यांना प्रेक्षक आयन म्हणतात. दोन्ही बाजूंनी त्यांच्यावर काट मारायची. राहतं ते:

बेरिअम (२+) + सल्फेट (२−) → बेरिअम सल्फेट ↓

"याला नेट आयोनिक म्हणतात," भाचा म्हणाला. "वहीत आहे." वहीत सगळंच होतं.

संध्याकाळी त्याला करून दाखवलं. चांदीची संयुगं घरात कुठली असणार, पण आमच्या ह्यांच्या पानाच्या डब्यात चुना असतो. चमचाभर चुना काचेच्या बरणीत पाण्यात ढवळला आणि रात्रभर ठेवला. सकाळी खाली पांढरा थर, वर निवळी, अगदी नितळ. ती हलक्या हातानं ग्लासात ओतून घेतली. दुसऱ्या ग्लासात धुण्याचा सोडा विरघळवला, तोही नितळ. दोन्ही ग्लास खिडकीशी नेऊन त्याला विचारलं, कशात काय आहे ओळखून दाखव. ओळखता येणं शक्यच नव्हतं, दोन्ही पाण्यासारखे पाणी.

मग सोड्याचं पाणी निवळीत सोडलं, ग्लासाच्या कडेनं, बारीक धारेनं. धार जिथं शिरली तिथं आधी धुरासारखी एक वळवळती रेघ उमटली, मग ती पसरून ढग झाला, आणि बघता बघता ग्लास ताकासारखा दिसायला लागला. भाचा बोट घालायला निघाला, ते मी मागं ओढलं. अर्ध्या तासानं तळाशी पिठासारखा साका बसला.

"आता लिही," म्हटलं. "सुटं कोण होतं इथपासून."

कॅल्शिअम, हायड्रॉक्साइड, सोडिअम, कार्बोनेट. चिकट कार्बोनेटला कॅल्शिअम भेटला. बाण कुणाला द्यायचा हे या वेळी विचारावं लागलं नाही.

कॅल्शिअम (२+) + कार्बोनेट (२−) → कॅल्शिअम कार्बोनेट ↓

"आणि मी बोट का ओढलं?"

बराच वेळ वहीकडं बघत राहिला. मग काट मारलेल्या दोघांवर पेन्सिल टेकवली. "सोडिअम आणि हायड्रॉक्साइड. म्हणजे वरचं पाणी कॉस्टिक सोड्याचं झालं?" झालं, पातळ का होईना. काट मारलेला आयन समीकरणातून जातो, ग्लासातून जात नाही.

यावरून त्याला भोसरीची गोष्ट सांगितली. ती मी सहसा सांगत नाही, कारण तिच्यात मी मूर्ख ठरते.

नोकरीचा पहिला महिना. झिंक प्लेटिंगचं धुवणपाणी टाकीत यायचं, सल्फेटचं, आम्लधर्मी. त्यात कॉस्टिक सोडून पीएच वर चढवायचा. नऊ-साडेनऊच्या आसपास जस्त हायड्रॉक्साइडला धरतो, पांढरा, जेलीसारखा लगदा तयार होतो, तो खाली बसतो.

झिंक (२+) + २ हायड्रॉक्साइड (१−) → झिंक हायड्रॉक्साइड ↓

त्या दिवशी मीटर बिघडलेला होता आणि माझा उत्साह चालू स्थितीत. लगदा दिसायला लागला तशी मी म्हटलं, थोडं कॉस्टिक अजून घालावं, राहिलासाहिला जस्तही बसेल. घातलं. आणखी घातलं. तर लगदा पातळ होत होत चक्क नाहीसा झाला. टाकी आरशासारखी. खालचा गाळ बसून पाणी स्वच्छ झालं असं समजून मी खूश. ऑपरेटरला हाक मारून दाखवलंसुद्धा. तो टाकीत वाकून बघून म्हणाला, "मॅडम, गाळ कुठं गेला?" बावीस वर्षांत लॅबबद्दल मला विचारलेला हा सर्वात हुशार प्रश्न.

गाळ पाण्यातच गेला होता. जस्ताचं हायड्रॉक्साइड दोन्हीकडून फितूर आहे, आम्लात विरघळतं आणि कडक अल्कलीतही. हायड्रॉक्साइड जास्त झाले की आणखी दोघं जस्ताला येऊन चिकटतात आणि सगळं मिळून झिंकेट नावाचा ऋण आयन होतो, तो पुन्हा सुटा:

झिंक हायड्रॉक्साइड + २ हायड्रॉक्साइड (१−) → झिंकेट (२−)

गंमत म्हणजे त्याच कारखान्यात पलीकडच्या लाइनवर अल्कलाइन झिंकची टाकी होती, तिच्यात जस्त मुद्दाम याच रूपात सुटं ठेवलेलं असायचं. वीस पावलांवर. ती लाइन मी रोज बघत होते. साहेबांनी नमुना तपासला, जस्त भरपूर निघालं, पाणी सोडायचं थांबलं म्हणून नोकरी वाचली. नंतर थेंब थेंब ॲसिड घालून पीएच खाली आणला तेव्हा लगदा पुन्हा अवतरला. तेव्हापासून नितळ पाणी दिसलं की मला आनंद होण्याऐवजी संशय येतो. आमच्या सोसायटीच्या टाकीबाबतही.

क्रोमचं दुखणं वेगळं. क्रोमचं पिवळं पाणी आलं की नवी माणसं लगेच चुना टाकायला धावायची. कितीही टाका, क्रोम बसत नाही, कारण त्या पाण्यात क्रोम सुटा धन आयन म्हणून नसतोच. ऑक्सिजनशी बांधलेला क्रोमेट असतो, ऋण आयन. हायड्रॉक्साइडही ऋण. त्यांची गाठ पडणार कशी? आधी आम्लात बायसल्फाइट घालून त्याचं तीन धन प्रभाराच्या क्रोमिअममध्ये रूपांतर करायचं, पाणी पिवळ्याचं हिरवट होतं, मग पीएच वर न्यायचा आणि मग कुठं राखाडी-हिरवा गाळ. धातू पाण्यात आहे एवढं कळून भागत नाही, कोणत्या वेषात आहे ते विचारावं लागतं.

आता बादली.

आमच्याकडे गणपती शाडूचाच असतो. त्या खेपेला धाकट्या दिरांनी हौसेनं मूर्ती आणली ती प्लास्टर ऑफ पॅरिसची निघाली. पाचव्या दिवशी विसर्जन. पुण्यात याला एक उपाय आहे आणि तो पुण्यातच निघाला आहे. पाषाणला १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी अमोनिअम बायकार्बोनेटच्या पाण्यात मूर्ती विरघळवायची पद्धत काढली आणि महापालिकेनं त्याची पाकिटं लोकांना फुकट वाटली. बेकरीत बिस्किटं फुलवायला वापरतात तेच हे, खायच्या सोड्याचं भावंड. उत्तरपूजा झाली, आरती झाली, मूर्ती मोठ्या बादलीत ठेवली, पाण्यात किलोभर पावडर घातली. बारीक बुडबुडे यायला लागले आणि गॅलरीत अमोनियाचा असा वास सुटला की शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली.

"विरघळतेय," भाचा म्हणाला.

"काय विरघळतंय?" म्हटलं. "लिही."

सेट झालेलं प्लास्टर म्हणजे जिप्सम, कॅल्शिअम सल्फेट आणि त्याच्यासोबत पाण्याचे दोन रेणू. मघाचं अर्धवट आठवा. लिटरभर पाण्यात दोन ग्रॅमच्या थोडं वर एवढंच ते विरघळतं, म्हणून नदीत टाकलेली मूर्ती महिनोन्‌महिने तशीच राहते. पण दोन ग्रॅम तरी सुटं होतं. तो सुटा कॅल्शिअम बायकार्बोनेटला भेटला की कार्बोनेट होऊन खाली बसतो, आणि कॅल्शिअम कार्बोनेट लिटरला १५ मिलिग्रॅमच्या आसपासच विरघळतं. पाण्यातला कॅल्शिअम असा उचलला गेला की मूर्तीतून आणखी थोडं जिप्सम विरघळतं. तेही उचललं जातं. म्हणजे मूर्ती विरघळून पाणी होत नाही, एका न विरघळणाऱ्याचं त्याहून न विरघळणारं होतं.

जिप्सम + २ अमोनिअम बायकार्बोनेट → कॅल्शिअम कार्बोनेट ↓ + अमोनिअम सल्फेट + कार्बन डायऑक्साइड ↑ + ३ पाणी

त्यानं हे जुळवलं, दोनदा चुकून. मग प्रेक्षकांवर काट मारायला सांगितली. अमोनिअम गेला. सल्फेट एकदा मूर्तीतून सुटला की त्याचंही पुढं काही होत नाही, तोही गेला. उरलं:

कॅल्शिअम (२+) + २ बायकार्बोनेट (१−) → कॅल्शिअम कार्बोनेट ↓ + कार्बन डायऑक्साइड ↑ + पाणी

"आता बाथरूममध्ये ये," म्हटलं.

आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर आणि एरवी अर्ध्याहून अधिक बोअरचं पाणी. साबण फेसाळत नाही, बादलीत वर राखी साय धरते. ती सायही अवक्षेपच (म्हणजे प्रेसिपिटेट), साबणातल्या मेदाम्लाला कॅल्शिअमनं धरलेलं. सहा महिन्यांपूर्वी गीझरची कॉइल बदलली तेव्हा जुनी मी ठेवून दिली होती. तिच्यावर बोटभर जाड पांढरा थर आहे, दगडासारखा. ती त्याच्या हातात दिली. बोअरच्या पाण्यात कॅल्शिअम सुटा, बायकार्बोनेट सुटा. पाणी तापलं की काय होत असेल, लिही.

लिहिता लिहिता पोरगं थांबलं. मागचं पान उलटलं. पुन्हा पुढं आलं. "मावशी, हे तर तेच आहे."

तेच होतं. अक्षरशः तीच ओळ. गॅलरीतली बादली आणि गीझरची कॉइल यांचं नेट आयोनिक समीकरण एकच. एकीकडं जास्तीच्या बायकार्बोनेटनं काम होतं, दुसरीकडं उष्णतेनं, पण पाण्यात घडतं ते एकच. मला वाटतं त्या क्षणी त्याला काट मारण्याचा उपयोग कळला. त्याआधी ती परीक्षेची एक पायरी होती.

लगेच त्यानं पुढचा प्रश्न काढला, जो मला आवडला. अमोनिअम नुसताच प्रेक्षक आहे तर अमोनिअमचंच बायकार्बोनेट का? घरातला खायचा सोडा का नाही चालणार? कागदावर चालेल. पण मग बादलीत सोडिअम सल्फेट उरेल, त्याचं करायचं काय? अमोनिअम सल्फेट उरलं तर ते खत आहे, भरपूर पाणी घालून झाडांना देता येतं. काट मारलेल्यांचाही हिशेब ठेवावा लागतो, हे ग्लासातल्या कॉस्टिकनं त्याला आधी दाखवलंच होतं.

मूर्तीच्या वजनाएवढी पावडर घ्यायची असा ठोकताळा सांगतात. का, तेही समीकरणात दिसतं. जिप्समचं सूत्रवजन (सूत्रातल्या सगळ्या अणूंच्या वजनांची बेरीज) १७२. बायकार्बोनेटचं ७९, दोन लागतात, म्हणजे १५८. जवळजवळ बरोबरी. आमची मूर्ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ११५० ग्रॅम भरली होती. सगळं बदललं तर कॅल्शिअम कार्बोनेट किती? त्याचं सूत्रवजन १००. भाच्यानं गुणाकार-भागाकार करून ६६९ ग्रॅम काढले आणि आकड्याला चौकट घातली.

तिसऱ्या दिवशी पाणी वरून काढून घेतलं, दहापट पातळ करून सोसायटीच्या जास्वंदीला घातलं (तुळशीला नाही, तिच्यावर मी प्रयोग करत नाही). तळाचा पांढरा चिखल आणि बैठकीचे काही तुकडे गच्चीवर ताटात वाळवले. वाळल्यावर काट्यावर ठेवले. ७६०.

"जास्त आलं," भाचा म्हणाला, आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू मी गुपचूप पीठ मिसळलंय. "ओलं असेल." ओलं नव्हतं, दोन दिवस कडकडीत ऊन होतं. रंगाचं वजन? असेल थोडं, नव्वद ग्रॅम नसणार.

मी कपाटातून व्हिनेगरची बाटली काढून त्याच्यापुढं ठेवली आणि काही बोलले नाही. कार्बोनेटवर व्हिनेगर टाकलं की फसफसतं, जिप्समवर नाही, एवढं त्याला दहावीपासून माहीत आहे. बैठकीचा एक जाड तुकडा घेऊन त्यानं वर थेंब टाकला. फसफसलं. मग बत्त्यानं तो तुकडा फोडला, आतला गाभा ताटात ठेवला आणि त्याच्यावर थेंब टाकला. थेंब तसाच बसून राहिला.

वही ओढून त्यानं पुन्हा आकडेमोड केली. साधारण पाचवा भाग अजून प्लास्टरच आहे, असं निघालं. बाहेर कार्बोनेटची साल धरली की आतपर्यंत पाणी पोचत नाही, शिवाय जाड बैठक न फोडताच टाकली होती. मी म्हटलं, चल, जेवायला वाढते. तर हा बत्ता घेऊन गच्चीत बसलेला, एकेक तुकडा बारीक करतोय, आणि विचारतोय, "मावशी, दुसरं पाकीट कुठं ठेवलंयस?"